महालच्या बोळीतला कॅमेरा: त्रिमितीय खेळातले दृश्य स्वच्छ आणि स्थिर ठेवण्याची पद्धत

गेल्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांवरून एक छोटा त्रिमितीय संगणकी खेळ रचत होतो. दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती लाकडी खांबांची ओसरी, माडीवर जाणारा अंधारा जिना आणि दाराबाहेर जेमतेम दीड मीटर रुंदीची बोळ एवढाच त्याचा पसारा होता. पात्र चालू लागले, उड्या मारू लागले, दारे उघडू लागली. पण त्याच्या मागून चालणारा कॅमेरा काही केल्या ताळ्यावर येईना. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारले, "सर, हा कॅमेरा भिंतीत काहून घुसून राहिला?" त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडतो. उदाहरणे मुख्यतः युनिटी या खेळ बनवण्याच्या इंजिनातली आहेत, कारण मी रोज त्यावरच काम करतो. मात्र अनरियल किंवा गोडो वापरणाऱ्यांनाही तीच तत्त्वे लागू पडतात.

आधी कारण शोधावे, मगच स्मूदिंग वाढवावे

कॅमेरा थरथरताना दिसला की बहुतेक नवशिके स्मूदिंगचा, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल हळूहळू आणि मऊ करण्याचा, आकडा वाढवतात. थरथर थोडी कमी झाल्यासारखी वाटते, पण कॅमेरा सुस्तावतो, पात्र पडद्याच्या कडेकडे सरकते आणि मूळ दोष जसाच्या तसा राहतो. ओल आलेल्या भिंतीला चुना फासण्याचाच हा प्रकार आहे. म्हणून पहिली पायरी नेमकी उलटी घ्यावी: सगळे स्मूदिंग बंद करावे, कॅमेरा पात्रापासून ठरावीक अंतरावर घट्ट बांधावा आणि पात्राला सरळ रेषेत चालवून पाहावे. अशा स्थितीतही पात्र किंवा पार्श्वभूमी दचकत असेल, तर दोष स्मूदिंगमध्ये नसून वेळेच्या हिशोबात आहे, हे पक्के समजावे.

वेळेचा हा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे. युनिटीत भौतिकीची गणना मूळ मांडणीप्रमाणे दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा होते. पडदा मात्र सहसा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो. पात्र भौतिकीच्या जोरावर चालत असेल, तर ६० चित्रांपैकी फक्त ५० चित्रांत ते पुढे सरकते आणि उरलेल्या १० चित्रांत आहे तिथेच थांबते. प्रत्येक सहाव्या चित्रात होणारी ही अडखळण डोळ्यांना थेट ओळखता येत नाही, पण "काहीतरी बिनसले आहे" एवढे नक्की जाणवते. उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही करावे लागतात. पहिला म्हणजे पात्राच्या रिजिडबॉडीवर, म्हणजे त्याला भौतिकीचे नियम लावणाऱ्या घटकावर, इंटरपोलेशन चालू करावे, जेणेकरून दोन गणनांच्या मधल्या क्षणी पात्र कुठे असावे याचा हिशोब इंजिन स्वतः लावील. दुसरा म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल प्रत्येक चित्राला चालणाऱ्या अपडेट या फलनात न ठेवता त्याच्यानंतर चालणाऱ्या लेट अपडेटमध्ये ठेवावी, म्हणजे त्या चित्रापुरते पात्राचे हलणे पूर्ण झाल्यानंतरच कॅमेरा आपली जागा ठरवील. हा क्रम चुकला तर कॅमेरा कधी पात्राच्या आजच्या जागेकडे पाहतो, तर कधी कालच्या.

स्मूदिंग आणि मे महिना

दुसरा दोष मला नागपूरच्या उन्हाने दाखवला. सकाळी कूलरसमोर बसून तपासलेला कॅमेरा अगदी सुरेख चालत असे. दुपारी पारा ४५ अंशांकडे सरकला आणि लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करू लागला की तोच कॅमेरा पात्राच्या मागे रेंगाळायचा. दोन दिवस मी पात्राच्या वेगातच चूक शोधत बसलो. चूक होती स्मूदिंगच्या एका ओळीत.

शिकवणीच्या अनेक व्हिडिओंत कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रात उरलेल्या अंतराच्या १० टक्के पुढे सरकवायला सांगतात. सेकंदाला ६० चित्रे असतील तर अर्ध्या सेकंदात ही क्रिया ३० वेळा होते आणि मूळ अंतरापैकी सुमारे ४ टक्केच शिल्लक राहते. चित्रे ३० वर आली की अर्ध्या सेकंदात ती फक्त १५ वेळा होते आणि सुमारे २१ टक्के अंतर शिल्लक राहते. म्हणजे कोणाचे यंत्र किती जोमदार आहे त्यावर कॅमेऱ्याचा स्वभाव बदलतो, आणि हे कोणत्याही खेळात चालण्यासारखे नाही. १० टक्के हा आकडा कायम न ठेवता तो प्रत्येक चित्रात नव्याने काढावा: कॅमेऱ्याच्या तत्परतेचा एक आकडा घ्यावा, त्याला मागील चित्रापासून गेलेल्या वेळेने गुणावे, त्या गुणाकाराची ऋण संख्या ई या स्थिरांकाचा घातांक म्हणून वापरावी आणि आलेले उत्तर १ मधून वजा करावे. तत्परता ६.३ च्या आसपास घेतली की ६० चित्रांवरचा जुना १० टक्क्यांचा अनुभव तसाच मिळतो, आणि चित्रे ३० झाली किंवा १२० झाली तरी तो टिकतो. युनिटीतले स्मूदडॅम्प हे फलन वेळेचा विचार आतच करते, त्यामुळे ज्यांना घातांकाची धास्ती वाटते त्यांनी ते वापरावे.

याच्याच जोडीची एक चूक माउसबाबत होते. माउसकडून येणारा आकडा हा त्या चित्राच्या काळात माउस किती सरकला हेच सांगत असतो, म्हणून त्याला चित्राच्या कालावधीने पुन्हा गुणू नये. कंट्रोलरची काडी मात्र वेग सांगते, म्हणून तिला गुणावेच लागते. दोघांना एकाच सूत्रात कोंबले की एकाचा वेग यंत्रागणिक बदलतो.

पात्राला दूरच्या जागी एकदम नेल्यावर, उदाहरणार्थ चौकातून थेट माडीवर नेल्यावर, कॅमेऱ्याची जुनी जागा आणि जुना वेग दोन्ही पुसून टाकावे. नाहीतर कॅमेरा भिंती, छत, कौले असे सगळे भेदत माडीपर्यंत उडत येतो.

भिंतीत घुसणारा कॅमेरा

आता मूळ प्रश्नाकडे. कॅमेरा आणि पात्र यांच्यामध्ये भिंत आली तर कॅमेरा पुढे ओढून घ्यायचा, हे सर्वांना माहीत असते. गोडोतील स्प्रिंगआर्म३डी आणि अनरियलमधील स्प्रिंग आर्म हे घटक त्यासाठीच आहेत. तपास पात्राकडून कॅमेऱ्याकडे करावा, उलट दिशेने करू नये, कारण आपल्याला पात्रापासून निघाल्यावर लागणारा पहिला अडथळा हवा असतो. एकच बारीक किरण सोडून भागत नाही. किरण भिंतीच्या कडेला निसटून जातो आणि कॅमेऱ्याची चौकट मात्र भिंतीत रुतते. म्हणून किरणाऐवजी गोल सोडावा, ज्याला स्फिअरकास्ट म्हणतात.

त्या गोलाची त्रिज्या किती असावी, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही, कारण ती मोजता येते. कॅमेऱ्यासमोर ठरावीक अंतरावर एक काल्पनिक आयत असतो, त्याला नजीकचे प्रतल म्हणू. त्याच्या अलीकडचे काहीही रंगवले जात नाही. या आयताचा एखादा कोपरा भिंतीत गेला की भिंतीच्या आतली पोकळी दिसू लागते. युनिटीत हे प्रतल मुळात ०.३ मीटरवर असते आणि उभा दृष्टिकोन, म्हणजे कॅमेऱ्याला वरपासून खालपर्यंत दिसणारा कोन, ६० अंशांचा असतो. १६:९ च्या पडद्यावर कॅमेऱ्यापासून त्या आयताच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ०.४६ मीटर भरते, तर २०:९ च्या लांबट फोनवर ते ०.५२ मीटरपर्यंत जाते. गोलाची त्रिज्या यापेक्षा कमी असेल तर कोपरा भिंतीत घुसणारच. माझ्या विद्यार्थ्याने त्रिज्या ०.२ ठेवली होती, म्हणून त्याला भिंतीच्या आतले आकाश दिसत होते.

त्रिज्या वाढवून अर्ध्या मीटरवर नेली तर दीड मीटरच्या बोळीत कॅमेऱ्याला हलायलाच जागा उरत नाही. तो सतत कुठेतरी खेटतो आणि पात्राच्या पाठीवर येऊन बसतो. येथे नजीकचे प्रतलच जवळ आणावे. ते ०.१ मीटरवर आणले की लांबट फोनवरही कोपऱ्याचे अंतर सुमारे ०.१७ मीटर होते आणि ०.२ ची त्रिज्या पुरेशी ठरते. मात्र हुरूप येऊन ते १ सेंटिमीटरवर नेऊ नये, कारण वस्तू किती दूर आहे याच्या मोजणीची अचूकता नजीकच्या अंतराजवळ एकवटते आणि दूरवर एकमेकांलगत असलेले पृष्ठभाग, विशेषतः जुन्या फोनांवर, लुकलुकू लागतात.

एवढे करूनही आमचा कॅमेरा एका जागी भिंतीत जातच होता, आणि या दोषाने मला सर्वांत जास्त छळले. पात्र उजव्या भिंतीला अगदी खेटून उभे राहिले की कॅमेरा भिंतीच्या पलीकडे जाई. कारण असे निघाले की आमचा कॅमेरा उजव्या खांद्यावरून पाहणारा होता आणि गोलाची सुरुवात पाठीच्या मध्यापासून न होता खांद्याच्या अर्धा मीटर उजवीकडच्या बिंदूपासून होत होती. पात्र भिंतीला खेटले की तो बिंदूच भिंतीच्या आत जाई, आणि युनिटीतला स्फिअरकास्ट सुरुवातीलाच ज्या वस्तूच्या आत असतो तिची दखल घेत नाही. त्याच्या लेखी भिंत नव्हतीच. यावर उपाय म्हणजे तपास दोन टप्प्यांत करावा: आधी पात्राच्या शरीराच्या मध्यरेषेवरून खांद्याकडे एक गोल सोडावा, तो जिथे अडेल तिथेच खांद्याचा बिंदू धरावा आणि मग त्या बिंदूपासून मागे दुसरा गोल सोडावा. मध्यरेषा पात्राच्या स्वतःच्या आकारात असल्यामुळे ती भिंतीत जाण्याची शक्यता उरत नाही. मात्र गोल ज्या वस्तूंना अडतो त्यांच्या थरांतून (लेयर) पात्राचा स्वतःचा आकार वगळण्यास विसरू नये, अन्यथा कॅमेरा पहिल्याच पावलाला त्याच्या मणक्याला अडतो.

ओसरीतले खांब

भिंत आणि खांब यांना एकच नियम लावला की नवे दुखणे सुरू होते. ओसरीतून पात्र धावते, कॅमेरा चौकातून पाहत असतो आणि दोघांच्या मध्ये दर दोन मीटरवर एक खांब येतो. प्रत्येक खांबाला कॅमेरा पुढे झेपावतो आणि खांब सरला की मागे जातो. ओसरी संपेपर्यंत पाहणाऱ्याचे डोके भणभणते. खरे तर खांबाने पात्र झाकले जाते ते क्षणभरच, आणि तेवढ्याने खेळणाऱ्याचे काही बिघडत नाही.

म्हणून अडथळ्यांची विभागणी सुरुवातीलाच करावी. ज्यांच्यामागे खेळणारा पात्राला पूर्णपणे गमावतो अशा भिंती, छते, जमीन आणि मोठे दरवाजे यांनीच कॅमेऱ्याला ढकलावे. खांब, विजेच्या तारा, दोरीवरचे कपडे, झाडाची पाने आणि चालणारी इतर पात्रे यांनी कॅमेऱ्याला हात लावू नये. ती फार आड आली तर त्यांनाच विरळ करावे. विरळ करताना खरी पारदर्शकता वापरण्यापेक्षा ठिपक्याठिपक्यांनी पृष्ठभाग गाळत नेण्याची डिथरिंगची रीत बरी, कारण तिच्यात वस्तूंच्या मागेपुढेपणाचा गोंधळ होत नाही आणि साध्या फोनलाही ती पेलवते. कॅमेरा पात्राच्या अर्ध्या मीटरच्या आत आला तर पात्रालाही याच रीतीने विरळ करावे, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूने सगळा पडदा भरून जात नाही.

भिंतीमुळे कॅमेरा पुढे येताना तत्काळ यावा, कारण एका चित्रापुरताही तो भिंतीत दिसू नये; मागे जाताना मात्र त्याने घाई करू नये. अडथळा दूर झाल्यावर सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबून मग सावकाश मागे सरकणारा कॅमेरा ओसरीसारख्या जागेत फार शहाणा वाटतो. स्मूदिंग कुठे लावायचे याचा हा मुख्य निवाडा आहे: ते परतीच्या वाटेवर लावावे, भिंतीपासून वाचण्याच्या वाटेवर नव्हे.

उडी, जिना आणि वर-खाली पाहणे

पात्राने उडी मारली की कॅमेराही तेवढाच वर-खाली झाला, तर उडी उडीसारखी वाटतच नाही. जमीनच हलल्याचा भास होतो. पात्र हवेत असताना कॅमेऱ्याची उंची जमिनीच्या शेवटच्या पातळीवर ठेवावी आणि पाय टेकले की नव्या पातळीकडे सावकाश न्यावी. पात्र पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेजवळ पोचले तरच हा नियम मोडावा. जिन्यावर हाच उपाय दुप्पट उपयोगी पडतो, कारण तिथे प्रत्येक पायरीला पात्र १५-२० सेंटिमीटरने उचलले जाते; आडव्या हालचालीपेक्षा उभ्या हालचालीला दुप्पट-तिप्पट मऊपणा दिला तर पायऱ्यांचे गचके दिसत नाहीत.

वर-खाली पाहण्याला मर्यादा घालावी. मी खाली पाहण्यास ७० आणि वर पाहण्यास ४० अंश देतो. सरळ ९० अंशांवर कॅमेऱ्याला आपली वरची दिशा कोणती हेच ठरवता येत नाही आणि दृश्य गर्रकन फिरते.

खेळणाऱ्याचा हात

कॅमेरा कोण चालवतो, हा प्रश्न त्रिमितीय खेळांइतकाच जुना आहे. १९९६ साली आलेल्या सुपर मारिओ ६४ मध्ये ढगावर बसलेला लाकिटू हा कॅमेरामन म्हणून दाखवला होता, आणि खेळणारा त्याला पिवळ्या बटणांनी थोडेफार फिरवू शकत असे. आरशाच्या खोलीत तो चक्क प्रतिबिंबातही दिसतो. त्याच वर्षीच्या रेसिडेंट ईव्हिलने ठिकठिकाणी स्थिर कॅमेरे टांगून हा प्रश्नच बाजूला सारला. पुढे १९९८ साली द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम या खेळाने शत्रूवर नजर खिळवण्याचे बटण दिले आणि लढाईत कॅमेरा सांभाळण्याचे ओझे खेळणाऱ्याच्या अंगठ्यावरून उतरवले. आजही या तीनच वाटांची वेगवेगळी मिश्रणे बहुतेक खेळांत दिसतात.

आपल्या खेळात कॅमेरा आपोआप पात्राच्या मागे वळत असेल, तर एक नियम कसोशीने पाळावा: खेळणाऱ्याने स्वतः कॅमेरा फिरवल्यानंतर निदान दीड-दोन सेकंद यंत्राने त्यात हात घालू नये. हातातून काडी हिसकावल्यासारखे वाटले की माणूस चिडतो, आणि ती चीड रास्त असते. स्थिर कॅमेरे वापरत असाल तर दृश्य बदलले तरी खेळणाऱ्याने काडी सोडेपर्यंत जुन्या दृश्याचीच दिशा कायम ठेवावी, नाहीतर पात्र दारातून बाहेर पडते आणि त्याच पावलाने परत आत येते. उलटी उभी दिशा, उलटी आडवी दिशा आणि वेग यांची निवड स्वतंत्रपणे द्यावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते टाळण्याला कोणतीही सबब नाही.

हादरे आणि घेरी

स्फोटाचा हादरा दाखवताना कॅमेरा जागेवरून न हलवता थोडासा वळवावा, कारण जागा बदलली तर आपण भिंतीपासून कष्टाने वाचवलेला कॅमेरा पुन्हा भिंतीत जातो. हादरा मूळ कॅमेऱ्यावर न लावता त्याच्या आतल्या स्वतंत्र घटकावर लावावा, म्हणजे तो पुढच्या चित्राच्या हिशोबात मिसळत नाही. प्रत्येक चित्रात मनमानी आकडा घेण्याऐवजी पर्लिन नॉइज, म्हणजे हळूहळू बदलत जाणारे यादृच्छिक आकडे, वापरावा. त्याने हालचाल सलग राहते.

माझ्या आत्याने हा खेळ पाच मिनिटे पाहिला आणि "अरे, मला गरगरतंय रे, बंद कर" म्हणून डोळे मिटून घेतले. डोळे हालचाल सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर स्थिर असल्याचे सांगते, या विसंगतीतून ही घेरी येते. म्हणून हादरे, चालतानाचे डोके डोलणे आणि मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) हे तिन्ही बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये हवीच, आणि दृष्टिकोन कमी-जास्त करण्याची पट्टीही हवी. टेबलावर दोन फुटांवरून पाहणाऱ्याला रुंद दृष्टिकोन मानवतो, दिवाणखान्यात लांबून टीव्ही पाहणाऱ्याला अरुंद. आत्यासाठी मी डोके डोलणे काढून टाकले आणि पडद्याच्या मध्यभागी एक बारीक ठिपका ठेवला. दुसऱ्या खेपेला तिने वाड्याची माडी पाहूनच कंट्रोलर खाली ठेवला.

मोठे जग रचणाऱ्यांसाठी एक अवांतर सूचना. सीताबर्डीच्या किल्ल्यावर शून्यबिंदू धरून एका एककाला एक मीटर मानून रामटेकचा गड उभारला, तर तो सुमारे ३८ हजार एककांवर येतो आणि तिथे जागा साठवणाऱ्या ३२ बिटांच्या दशांश (फ्लोट) संख्येत दोन शेजारच्या जागांमधले अंतर सुमारे ४ मिलिमीटर होते. खांद्याजवळच्या कॅमेऱ्यात ही थरथर स्पष्ट दिसते. ती कोणत्याही स्मूदिंगने जात नाही. काही किलोमीटर पुढे गेल्यावर सगळे जगच मागे सरकवून पात्राला पुन्हा शून्याजवळ आणावे लागते.

तपासणी

तपासणीसाठी खेळाबाहेर एक वेगळी जागा बांधून ठेवावी: एक दीड मीटरची बोळ, एक काटकोनी कोपरा, खांबांची एक रांग, एक जिना आणि दोन मीटर उंचीचे छत असलेली एक खोली. कॅमेऱ्यात कोणताही बदल केला की पात्राला या सगळ्यांतून तीनदा फिरवावे, एकदा चित्रे ३० वर रोखून, एकदा ६० वर आणि एकदा मोकळी सोडून. स्फिअरकास्टचा मार्ग पडद्यावर रेषांनी दाखवण्याची सोय करून ठेवावी. चूक कुठे आहे हे त्या रेषा लगेच दाखवतात.

शेवटी कंट्रोलर अशा माणसाच्या हाती द्यावा ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही, आणि स्वतः पडद्याकडे न पाहता त्याच्या उजव्या अंगठ्याकडे पाहावे. अंगठा जिथे वारंवार कॅमेरा सावरायला धावतो, ती जागा कागदावर टिपून ठेवावी. आमच्या शेजारच्या मुलाचा अंगठा बोळीत, ओसरीत आणि जिन्यावर शांत होता. दिंडी दरवाजातून आत येताना मात्र तो दर वेळी काडी उजवीकडे लोटत असे, कारण आत पाऊल टाकताच कॅमेरा दाराच्या जाड चौकटीला अडत होता आणि समोरचा चौक दिसतच नव्हता. त्या दारापुरते मी कॅमेऱ्याचे अंतर तीन मीटरवरून दीड मीटर केले आणि चौकटीला अडथळ्यांच्या यादीतून वगळले.